फजरनंतरची नदी

छायाचित्रकार ज्या प्रकाशासाठी रात्री गजर लावून झोपतात, तो प्रकाश फजरची नमाज पढणाऱ्याच्या वाट्याला रोजच येतो. सलाम फेरून, दुआ मागून मशिदीबाहेर पडावे तर पूर्वेला फटफटलेले असते, वारा पडलेला असतो आणि रस्त्यावर धूळ उडवणारे कोणी नसते. या वेळेचे आपण काय करतो? पुन्हा अंथरुणात शिरतो, नाहीतर मोबाइल उघडून कुणीतरी दूरदेशी टिपलेले सूर्योदय पाहत बसतो. आपल्या उम्मतीच्या सकाळच्या वेळेत बरकत व्हावी, अशी दुआ प्रेषित मुहम्मद (स.) यांनी केली आहे. त्या बरकतीच्या तासाचा एक उपयोग आम्ही वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवत आहोत. महिन्यातून एकदा घरातल्या मुलांना घेऊन गावची नदी गाठावी आणि उगवत्या सूर्याच्या प्रकाशात तिचे चित्र घ्यावे.

आमची नदी कोणती?

‘चाकूरला कुठे आली नदी?’ असे आम्हाला हमखास विचारले जाते. लातूर-नांदेड रस्त्यावरचे हे तालुक्याचे गाव. सभोवती काळी जमीन, तूर, सोयाबीन आणि हरभऱ्याची शेते. गंगेसारखे विशाल पात्र इथे नाही. पण नदी आहे आणि तिचा उगमच आमच्या तालुक्यातला आहे. औषधी वनस्पतींच्या डोंगरासाठी ओळखल्या जाणाऱ्या वडवळ नागनाथच्या परिसरात घरणी नदी उगम पावते. शिरूर अनंतपाळ तालुक्यात तिच्यावर घरणी प्रकल्प आहे आणि पुढे ती मांजरेला मिळते.

मांजरा बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यात, बालाघाटच्या डोंगरात जन्मते. लातूर जिल्हा ओलांडून ती कर्नाटकातल्या बीदरकडे जाते. तिथून तेलंगणात निजामसागरात थांबते आणि सुमारे ७२४ किलोमीटरचा प्रवास संपवून कंदकुर्तीजवळ गोदावरीत मिसळते. म्हणजे वडवळच्या माळावर पडलेला पावसाचा थेंब तीन राज्ये पाहून गोदावरीत आणि तिथून बंगालच्या उपसागरात जातो. मुलांना घरणीच्या काठावर उभे करून हे सांगितले की हाताएवढ्या ओहोळाकडेही ती वेगळ्या नजरेने पाहू लागतात.

घरणी बारमाही नाही. पावसाळ्यात खळाळते, हिवाळ्यात डबक्या-डोहांपुरती उरते आणि उन्हाळ्यात पात्रातला खडक उघडा पडतो. मोठे पाणी पाहायचे तर नांदेडला गोदावरी आहे. विष्णुपुरी प्रकल्पाचा शंकरसागर जलाशय, शहराच्या कडेने जाणारे रुंद पात्र, काठावरचा नंदगिरी किल्ला आणि घाट असा सगळा देखावा तिथे आहे. पण चाकूरहून अहमदपूर-लोहा मार्गे नांदेडला जाऊन सूर्योदय गाठायचा तर आदल्या रात्री पाहुण्यांकडे मुक्काम करून फजर तिथल्याच मशिदीत पढावी लागते. अशी सहल वर्षातून एखादी. दर महिन्याची नदी मात्र आपल्या घराजवळची असावी.

मशिदीतला तक्ता हेच घड्याळ

सूर्योदयाची छायाचित्रे शिकवणारे सांगतात की पहाटेच्या प्रकाशाचे टप्पे ओळखा. हे टप्पे आपल्याला नवे नाहीत. मशिदीच्या भिंतीवर लावलेल्या वेळापत्रकात ते आधीच आहेत.

सुबह सादिक, म्हणजे फजरचा वक्त सुरू होतो तेव्हा सूर्य क्षितिजाच्या सुमारे १८ अंश खाली असतो. आमच्या भागात तिथून सूर्योदयाला साधारण सव्वा तास लागतो. सूर्य ६ अंश खाली आला की, म्हणजे उगवण्याच्या वीस-बावीस मिनिटे आधी, दिव्याशिवाय वाट दिसू लागते. हीच निळसर प्रकाशाची वेळ. आभाळ आणि पाणी दोन्ही निळे दिसतात, काठावरची बाभळ काळ्या शाईने रेखाटल्यासारखी उठून दिसते. मग सूर्याची कड वर येते. पूर्ण बिंब बाहेर पडायला आपल्याकडे जेमतेम दोन ते अडीच मिनिटे लागतात. जागा निवडणे, तिपाई उभी करणे ही कामे त्याआधीच उरकलेली बरी. सूर्य वर आल्यानंतर साधारण अर्धा तास सोनेरी ऊन असते. किरण तिरपे येतात, हवेच्या जाड थरातून येताना त्यांतला निळा रंग विखुरतो आणि तांबूस-पिवळा तेवढा आपल्यापर्यंत पोचतो. सावल्या लांब पडतात, त्यामुळे खडकाचा खडबडीतपणा आणि गाळाच्या भेगा स्पष्ट दिसतात.

सूर्य उगवत असताना नमाज पढायची नसते, हे सर्वांना ठाऊक आहे. बिंब वर आल्यावर पंधरा-वीस मिनिटे थांबून मग इशराकची नफल पढली जाते. नेमका तो मधला वेळ नदीकाठी जिक्र करत, आभाळ न्याहाळत घालवता येतो. आमच्याकडे बहुतेक मशिदींत फजरची जमात सूर्योदयाच्या अर्धा तास आधी उभी राहते. नमाज पढून चालत किंवा दुचाकीने काठ गाठण्याइतका वेळ मिळतो. रमजानमध्ये सेहरीनंतर लगेच जमात होते, तेव्हा तर तासाभराहून अधिक वेळ हाती असतो. क्रम मात्र ठरलेला असावा. आधी नमाज, मग नदी. चित्राच्या ओढीने जमात चुकवणे हे शहाणपण नव्हे.

सूर्य रोज त्याच जागी उगवत नाही

‘सूर्य पूर्वेला उगवतो’ हे आपण पहिलीत शिकतो आणि पुढे तपासत नाही. नदीकाठी वर्षभर गेले की ते आपसूक तपासले जाते. चाकूरच्या अक्षांशावर जूनअखेर सूर्य ठीक पूर्वेच्या सुमारे २५ अंश उत्तरेला उगवतो आणि डिसेंबरअखेर तितकाच दक्षिणेला. हात लांब करून मूठ धरली की ती साधारण १० अंश झाकते. म्हणजे जून ते डिसेंबर या सहा महिन्यांत उगवतीची जागा पाच मुठी सरकते. जूनमध्ये जो सूर्य बंधाऱ्याच्या भिंतीवर दिसला, तो डिसेंबरात पलीकडच्या चिंचेमागून येतो. वेळही बदलते. जूनच्या सुरुवातीला सूर्योदय पावणेसहाला, तर जानेवारीच्या मध्यात सातच्या आसपास होतो.

नदीची दिशा कळली की याचा उपयोग होतो. गोदावरी मराठवाड्यातून साधारण पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते. त्यामुळे मार्च आणि सप्टेंबरच्या शेवटी, सूर्य ठीक पूर्वेला उगवतो तेव्हा, प्रवाह जातो त्या दिशेला तोंड केले की पाण्यावर प्रकाशाची सरळ वाट दिसते. मांजरा लातूर जिल्ह्यात, वळणे सोडली तर, आग्नेयेकडे झुकते. तिच्यासाठी डिसेंबर-जानेवारी चांगला. याच दिवसांत धुकेही भेटते. पावसाळा चांगला झालेला असतो, पात्रात पाणी असते आणि रात्रीचे आकाश निरभ्र असते. दिवसभर तापलेल्या पाण्याची वाफ थंड हवेत जाऊन तिचे बारीक थेंब होतात आणि पहाटे नदीवर धुक्याची चादर पसरते. ऊन तापले की ती विरते. पाणी नसलेल्या वर्षी हे धुकेही नसते.

मोबाइल पुरेसा आहे

यासाठी महागडा कॅमेरा घेण्याची गरज नाही. घरातला साधा मोबाइल पुरतो. पाच-सहा गोष्टी सांभाळल्या की चित्र चांगले येते.

आधी ओढणीच्या किंवा रुमालाच्या मऊ टोकाने लेन्स पुसावी. खिशातल्या मोबाइलच्या लेन्सवर बोटांचे तेल असते आणि सूर्यासमोर धरल्यावर तेच चित्रभर पसरते. मग पडद्यावर उभ्या-आडव्या रेषांची जाळी चालू करावी. तिच्यामुळे क्षितिज तिरके होत नाही. आभाळ रंगांनी भरलेले असेल तर चित्राचे दोन भाग आभाळाला आणि एक भाग पाण्याला द्यावा. पाण्यातले प्रतिबिंब सुंदर असेल तर उलट करावे. अगदी पुढ्यात एखादा खडक, लव्हाळ्याचा झुबका किंवा काठाला लावलेला तराफा घ्यावा. नुसते पाणी आणि नुसते आभाळ यांत खोली दिसत नाही.

सूर्य चित्रात असताना मोबाइल गोंधळतो आणि आभाळ पांढरेफटक करून टाकतो. पडद्यावर आभाळाच्या उजळ भागावर बोट टेकवावे. बाजूला प्रकाश कमी-जास्त करण्याचे चिन्ह येते, ते थोडे खाली ओढावे. काठ काळा पडला तरी चालेल, आभाळाचे रंग टिकतात. अंधूक प्रकाशात हात हलतो, म्हणून मोबाइल दगडावर किंवा पिशवीवर टेकवून तीन सेकंदांचा टायमर लावावा. बोटांनी ताणून दूरचे जवळ आणू नये, त्याने चित्र फुटते. जवळचे हवे तर दोन पावले पुढे जावे, अर्थात काठ पक्का असेल तरच. आणि कॅमेऱ्याच्या काचेच्या भिंगातून किंवा दुर्बिणीतून सूर्याकडे थेट पाहू नये. डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. मुलांना हे आधीच बजावावे.

तसवीर काढावी का?

काही घरांत हा प्रश्न येणारच आणि तो रास्त आहे. सजीवांच्या चित्रांबाबत, कॅमेऱ्याच्या फोटोबाबत उलमांमध्ये मतभेद आहेत. ज्याने त्याने आपल्या विश्वासातल्या आलिमांना विचारून चालावे. निसर्गचित्राची वाट मात्र मोकळी आहे. चित्रे काढून पोट भरणारा एक माणूस ह. इब्ने अब्बास (रजि.) यांच्याकडे आला, तेव्हा काढायचेच असेल तर झाडांची आणि निर्जीव वस्तूंची चित्रे काढ, असा सल्ला त्यांनी त्याला दिला. सहीह बुखारीत ही हदीस आहे.

याचे भव्य उदाहरण दमास्कसच्या उमय्या मशिदीत दिसते. खलीफा वलीद पहिले यांच्या काळात, इ. स. ७०६ ते ७१५ या वर्षांत, ही मशीद उभी राहिली. तिच्या आवाराच्या भिंतींवर रंगीत आणि सोनेरी तुकड्यांची जडणकामाची चित्रे आहेत. त्यांतल्या एका लांबलचक पट्ट्यात नदी वाहते, काठाने उंच झाडे आणि घरे आहेत. माणूस नाही, जनावर नाही. शहरातून वाहणाऱ्या बरदा नदीच्या नावाने हा पट्टा ओळखला जातो. नदीचे निर्जन दृश्य डोळे भरून पाहणे आणि दाखवणे ही आपल्याकडे तेरा शतकांची जुनी गोष्ट आहे.

आणि कॅमेरा? त्याच्या मुळाशीही आपलाच एक विद्वान उभा आहे. इ. स. ९६५ च्या सुमारास बसऱ्यात जन्मलेले इब्ने हैसम यांनी ‘किताबुल मनाजिर’ हा प्रकाश आणि दृष्टीवरचा ग्रंथ लिहिला. वस्तूवरून निघालेला प्रकाश डोळ्यात शिरतो म्हणून ती दिसते, हे त्यांनी प्रयोगांनी मांडले. अंधाऱ्या जागेत बारीक छिद्रातून येणाऱ्या प्रकाशाचाही त्यांनी बारकाईने अभ्यास केला. मोबाइलच्या पाठीवरचा कॅमेरा हा शेवटी छोटा अंधारा डबा आणि प्रकाश आत घेणारी वाटच आहे. २०१५ हे आंतरराष्ट्रीय प्रकाशवर्ष साजरे झाले, तेव्हा जगाने त्यांचे स्मरण केले.

त्यांच्या चरित्रात नदीही आहे. नाईलचे पाणी बांध घालून आवरता येईल, असे ते म्हणाल्याचे कानावर आले, तेव्हा खलीफा हाकिम यांनी त्यांना इजिप्तला बोलावले. इब्ने हैसम नदीच्या वरच्या अंगापर्यंत गेले, पात्र पाहिले, प्राचीन इजिप्तवासीयांची बांधकामे पाहिली. एवढे जाणते लोक जे करू शकले नाहीत ते आपल्याच्याने व्हायचे नाही, हे त्यांनी ओळखले. चरित्रकार सांगतात की खलीफाच्या रोषातून सुटण्यासाठी त्यांनी वेडाचे सोंग घेतले. ज्याने प्रकाशाचे नियम सांगितले, त्याने नदीपुढे मात्र आधी नीट पाहिले आणि मग मान तुकवली.

कोरड्या पात्राचेही चित्र

आता मुख्य मुद्दा. सुंदर चित्रे पुष्कळ आहेत. आम्ही हा आग्रह धरतो तो निराळ्या कारणासाठी.

२०१६ चा उन्हाळा आमच्या जिल्ह्यात कोणी विसरलेले नाही. धनेगावचे मांजरा धरण आटले होते. लातूर शहरात पाण्याच्या ठिकाणी गर्दी आणि भांडणे टाळण्यासाठी जमावबंदी लावावी लागली. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून कृष्णेचे पाणी घेऊन पहिली रेल्वे लातूरला आली. दहा टाक्यांतून सुमारे पाच लाख लिटर पाणी. पुढे पन्नास टाक्यांची गाडी येऊ लागली. त्याच उन्हाळ्यात ‘जलयुक्त लातूर’च्या नावाने लोक एकत्र आले आणि साई ते नागझरी या सुमारे १८ किलोमीटरच्या पट्ट्यात मांजरेचे पात्र रुंद व खोल करण्याचे काम झाले. पावसाळ्याच्या शेवटी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, इतका पाऊस झाला की त्याच मांजरेला पूर आला. एकाच वर्षात एकाच नदीची ही दोन रूपे. शहराच्या नदीची चित्रे वर्तमानपत्रांत छापून आली. घरणीसारख्या गावनदीची कोणी काढली?

आमच्या घरातला एक प्रसंग सांगतो. हिवाळ्यात घरणीच्या पात्राचे घेतलेले चित्र दादींना दाखवले. त्यांनी चष्मा लावला, पडद्यावर बोट ठेवले आणि म्हणाल्या, ‘‘हितं डोह होता. आम्ही चार बायका मिळून गोधड्या धुवायला यायचो. उन्हाळ्यातबी पाणी असायचं.’’ चित्रात त्या जागी गाळ होता आणि गाळावर वेडी बाभूळ. नातवंडांनी विचारले, ‘‘दादी, किती खोल होता डोह?’’ त्यांनी हात डोक्याच्या वर नेला. त्या डोहाचा पुरावा आज तेवढाच उरला आहे, एका वृद्ध बाईचा उंचावलेला हात.

म्हणून आम्ही सुचवतो की वर्षभर दर महिन्याला एकाच जागेवरून एकच चित्र घ्यावे. जगभरात हिमनद्या किती मागे हटल्या हे अभ्यासक याच रीतीने दाखवतात. जुने चित्र जिथून काढले त्याच जागी उभे राहून नवे काढायचे आणि दोन्ही शेजारी ठेवायची. आपणही हे करू शकतो.

पुलाचा कठडा, बंधाऱ्याचा दगड, मंदिराची किंवा दर्ग्याची पायरी अशी कधी न हलणारी जागा निवडावी. चित्रात एक पक्की खूण येऊ द्यावी, जसे की पुलाचा खांब किंवा मोठा खडक. पाणी कुठवर आहे ते तिच्यावरून कळते. महिन्याचा पहिला रविवार ठरवावा, म्हणजे मुलांना सुट्टी असते. वहीत तारीख, वेळ, सूर्य कशाच्या मागून आला, पाणी कुठवर होते, वास कसा होता, कोणते पक्षी दिसले हे मुलांच्या हाताने लिहून घ्यावे. या चित्राला रंग चढवू नयेत, काही पुसू नये. शोभेचे चित्र वेगळे काढावे, ते हवे तसे सजवावे. साक्षीचे चित्र जसे आहे तसेच राहिले पाहिजे. साक्ष खरी देण्याबद्दल आपल्या दीनने किती ताकीद दिली आहे, हे निराळे सांगायला नको. मोबाइल हरवतो, बिघडतो, म्हणून वर्षाअखेर बारा चित्रे छापून वहीत चिकटवावीत.

अशी वही ग्रामसभेत ठेवता येते. बंधाऱ्याची दारे वेळेवर बसली नाहीत, पात्रात कचरा टाकला जातो, वाळू उपसून खड्डे पडले, हे तोंडी सांगितले तर वाद होतो. बारा चित्रे समोर ठेवली तर चर्चा होते. शाळेत, मदरशात तिचे प्रदर्शन भरवता येते. वाहत्या पाण्याच्या काठी वुजू करतानाही पाणी उधळू नये, असे आपल्याला शिकवले गेले आहे. ज्या मुलाने मे महिन्यातले पात्र स्वतः टिपले आहे, त्याला वुजूखान्यातला नळ बंद कर म्हणून दोनदा सांगावे लागत नाही.

अदब आणि सावधगिरी

नदीकाठ सकाळी रिकामा नसतो. कोणी कपडे धुते, कोणी आंघोळ करते, घाटावर कोणी पूजा करत असते. न विचारता त्यांच्याकडे कॅमेरा रोखणे हे हयाला धरून नाही. बायका धुणे धुत असतील तर सरळ जागा बदलावी. नांदेडच्या घाटांवर सर्व धर्मांचे भाविक येतात, तिथे तर हे अधिक जपावे. धरणाच्या भिंतीवर आणि दरवाजांजवळ मनाई असेल तर ती पाळावी.

पाण्याशी खेळ नको. वाळू उपशाचे खड्डे पाण्याखाली दिसत नाहीत. शेवाळलेल्या खडकावरून पाय निसटतो आणि वरून पाणी सोडले तर पातळी पाहता पाहता चढते. सेल्फीपायी दरवर्षी तरुण मुले जीव गमावतात. पावसाळ्यात पुलावरून किंवा उंच काठावरूनच चित्र घ्यावे. मुलांसोबत एक मोठे माणूस असावे आणि त्या माणसाची नजर मोबाइलवर नव्हे, मुलांवर असावी. मुलींनाही जरूर न्यावे. अम्मी, खाला, फुफी सोबत असल्या की सहल घरची होते, आणि बारीक नोंद ठेवण्यात मुली पुढे असतात असा आमचा अनुभव आहे. परतताना आपली पिशवी, आपला कागद आपल्यासोबत आणावा.

येत्या महिन्याचा पहिला रविवार वहीत लिहून ठेवा. मशिदीच्या तक्त्यावर त्या दिवशीची सूर्योदयाची वेळ पाहा आणि जागा आदल्या संध्याकाळीच ठरवा. पहिल्या चित्रात पाणी असेल किंवा कोरडा खडक असेल. दोन्ही जपून ठेवण्यासारखे आहेत. अल्लाहने दिलेली नदी आपल्याकडे अमानत आहे, आणि अमानतीचा हिशेब लिहून ठेवलेला बरा.